मागचं दार आणि बटणांच्या माळा

जिथे जिथे माणसं दाटीवाटीनं काम करतात, तिथे एक दार असं असतंच, की ज्याच्यावर ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ अशी पाटी असते आणि त्या पाटीखाली पाटीपेक्षा मोठं कुलूप असतं. विश्वास बसत नसेल तर उद्या आपापल्या कचेरीत जाऊन बघा!

या शर्टांच्या कारखान्यातही तसं दार होतं. पहिल्या मजल्यावर लांबलचक हॉल, शिलाई मशिनांच्या सहा रांगा, पुढे जिना आणि पार मागे हे दार. दाराबाहेर लोखंडी जिना थेट अंगणात उतरायचा. पण कुलपामुळे तो जिना फक्त कबुतरांच्या उपयोगाचा राहिला होता.

कारखान्यात कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे. ज्याचं जे काम, तेच त्याचं नाव. कॉलर बसवणारी ती कॉलरताई. तिच्या शेजारच्या मशिनवर बाह्या जोडणारी ती बाहीताई. अकरा वर्षं दोघी एकाच बाकावर, एकाच डब्यात जेवणाऱ्या. आमची ही गोष्ट आहे कॉलरताईची, कारण त्या दारापायी तिच्याइतकी झोप कुणाची उडाली नव्हती.

मागच्या रांगेत, दाराला जवळजवळ टेकूनच, कॉलरताईची थोरली जाऊ बसायची. शर्टांचे लोंबते दोरे कापायचं तिचं काम. गेल्या वर्षी जाऊबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि हातात काठी आली. कॉलरताईनं एकदा गुपचूप मोजलं होतं. जाऊबाईंच्या स्टुलापासून पुढच्या जिन्यापर्यंत त्यांची पावलं एकशे दहा, आणि मागच्या दारापर्यंत चार! तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. इस्त्री जरा जास्त तापल्याचा वास आला, की तिचं मशीन थांबायचं आणि मान मागे वळायची.

“दार उघडं ठेवा” असं ती वर्षभर सांगत होती. पण पॅकिंगदादा, म्हणजे शर्ट खोक्यांत भरणाऱ्यांचा पुढारी, अडून बसला होता. त्यालाही कारण होतं बरं का. दोन वर्षांपूर्वी त्याच दारातून शर्टांचे गठ्ठे चोरीला गेले होते आणि आळ आला पॅकिंगवाल्यांवर. महिनाभर रोज संध्याकाळी त्यांच्या झडत्या झाल्या, जेवणाचे डबे उघडून बघितले गेले. चोर सापडला भलताच, पण तो अपमान पॅकिंगदादाच्या मनातून गेला नाही. कुलूप त्यानंच आणलं. चावी त्याच्याच खिशात असायची.

शेवटी मालकीणबाई वैतागल्या. म्हणाल्या, “रोज उठून एकच रडगाणं! तुम्ही आपला एक प्रतिनिधी निवडा, सहा महिन्यांसाठी. दाराचं तो म्हणेल ते मी करीन. मग माझ्याकडे यायचं नाही.”

चार नावं आली. दार बंद ठेवा म्हणणारा एकटा पॅकिंगदादा. दार उघडा म्हणणारे तिघं: कॉलरताई, बाहीताई आणि खिसे शिवणारा खिसेभाऊ. तिघांचं म्हणणं एक, तिघांचा उत्साहही एकसारखा. मग काय, आनंदच! दाराच्या बाजूनं तीन तीन माणसं उभी आहेत म्हटल्यावर कॉलरताईला वाटलं, आता कुलूप गेलंच.

या कारखान्यात कुठलाही निर्णय बटणावर व्हायचा. पंखा कुठे लावायचा, सुट्टी कधी घ्यायची, सगळं बटणावर. ज्याला त्याला एक बटण मिळायचं, ते आपल्या पसंतीच्या डब्यात टाकायचं. त्या दिवशीही कटिंगच्या लांब टेबलावर चार रिकामे बिस्किटांचे डबे मांडले, शहाण्णव जणांनी शहाण्णव बटणं टाकली, आणि चहाच्या सुट्टीत कटिंगमास्तरांनी खड्या आवाजात मोजणी केली.

“खिसेभाऊ, तेरा! बाहीताई, बावीस! कॉलरताई, चोवीस!”

कॉलरताई उठून उभी राहिली. आपणच पुढे!

“पॅकिंगदादा... सदतीस!”

पॅकिंगच्या कोपऱ्यातून टाळ्या पडल्या. कॉलरताईनं मनातल्या मनात बेरीज केली. तेरा आणि बावीस पस्तीस, पस्तीस आणि चोवीस एकोणसाठ. म्हणजे एकोणसाठ जणांना दार उघडं हवं, सदतीस जणांना बंद. आणि दार बंद! तिनं पुन्हा बेरीज केली. बेरीज तीच आली. मागच्या रांगेतून जाऊबाई तिच्याकडे बघून हसल्या, “जाऊ दे गं” अशा अर्थानं, आणि त्या हसण्यानं तिच्या काळजाचं पाणी झालं.

माणसाचं एक वाईट असतं. राग येतो परिस्थितीचा आणि निघतो जवळच्या माणसावर. कॉलरताई हात धुवायला नळावर गेली, तर तिथे बाहीताई.

“तू उभी राहिलीसच कशाला?” कॉलरताई फणकारली.

“मी? नाव आधी मी दिलं होतं. तू मागून आलीस!”

“माझी जाऊ बसते त्या दारापाशी.”

“मग? दार काय तुझ्या सासरचं आहे? मीही त्याच हॉलमध्ये बसते. आणि खरं सांगू, तू नसतीस तर तुझी चोवीस मला पडली असती.”

“आणि तू नसतीस तर तुझी बावीस मला!”

झालं. अकरा वर्षांची मैत्री एका नळावर वाहून गेली. दुसऱ्या दिवशी बाहीताईनं आपलं मशीन उचलून पलीकडच्या रांगेत नेलं. दोघींमध्ये विस्तव जाईना.

आता शर्टाची गोष्ट अशी आहे, की कॉलर आणि बाही एकाच शर्टाला लागतात. कॉलरताईकडून कापड बाहीताईकडे जायलाच हवं. मध्ये पोस्टमन झाला बिचारा खिसेभाऊ. “यांना सांग, गठ्ठा तयार आहे.” “त्यांना सांग, दिसतंय मला.” पण सगळं काही निरोपांवर चालत नाही. एकदा गठ्ठ्याखालच्या पिशवीत नुसत्याच डाव्या बाह्या आल्या होत्या. कॉलरताईच्या ते लक्षात आलं होतं. सांगायला हवं होतं, पण तोंड कोण उघडणार! आणि बाहीताईनं पुढ्यात आलेलं रागारागात जोडलं. तीस शर्टांना दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. मालकीणबाईंनी एक शर्ट उचलून सगळ्यांना दाखवला तेव्हा हॉलभर हसू पिकलं, आणि या दोघी दोन दिशांना तोंड करून शिवण उसवत बसल्या.

घरीही कॉलरताईचं चित्त ठिकाणावर नव्हतं. जेवायला बसली की उठायची, उठली की कशाला उठलो ते विसरायची. एकच पातेलं ती तिसऱ्यांदा घासताना बघून नवरा म्हणाला, “अगं, सोड त्याला आता. झिजून वाटी होईल त्याची.”

ती हसली नाही. जाऊबाई खुर्चीत पाय लांब करून बसल्या होत्या. म्हणाल्या, “माझ्यापायी भांडलात ना तुम्ही?”

“तुमच्यापायी नाही, वहिनी. तिच्या हट्टापायी.”

“आणि तुझा हट्ट गं?”

कॉलरताईनं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. पण तो प्रश्न दुसऱ्या दिवशीही तिच्या पायात घुटमळत राहिला.

आणि तिसऱ्या आठवड्यात व्हायचं ते झालं.

जेवणाच्या सुट्टीला अर्धा तास असेल. पुढच्या जिन्याशेजारी इस्त्रीचं टेबल होतं. इस्त्रीवाला पाणी आणायला वळला आणि गरम इस्त्री कलंडली ती चिंध्यांच्या ढिगात. ज्वाळा अशा आल्या नाहीत, पण धूर! काळा, दाट, डोळ्यांत घुसणारा. बघता बघता पुढचा जिना दिसेनासा झाला. कुणीतरी ओरडलं, “मागे! मागे चला!” आणि शंभरेक माणसांचा लोंढा मागच्या दाराकडे धावला. त्या दाराकडे, ज्याची चावी पॅकिंगदादाच्या खिशात होती, आणि पॅकिंगदादा खाली अंगणात ट्रक भरत होता!

कॉलरताईला फक्त ते स्टूल दिसत होतं. माणसं कुलपावर धडकत होती, मागचे पुढच्यांना ढकलत होते, आणि दार आणि गर्दी यांच्यामध्ये जाऊबाई. काठी केव्हाच पायाखाली गेली होती. कोपरं मारत, मशिनांवरून उड्या घेत कॉलरताई तिथे पोचली, एक हात भिंतीला लावून तिनं जाऊबाईंना आडोसा केला. पण दुसरी बाजू उघडी होती. तिकडून रेटा आला असता तर आधीच दुखरा गुडघा गेला असता.

दुसऱ्या बाजूनं एक हात आला आणि भिंतीला टेकला. बाहीताईचा! पाठीवर गर्दीचे धक्के घेत ती उभी राहिली. दोघींच्या हातांमध्ये, अंगणातल्या रोपासारख्या, जाऊबाई. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही, की एक शब्द काढला नाही.

इस्त्रीवाल्यानं बादल्या ओतून पाच मिनिटांत धूर आटोक्यात आणला. पॅकिंगदादा पुढच्या जिन्यानं धापा टाकत, खोकत वर आला. चावी हातात होती, पण दाराशी दाटलेल्या गर्दीतून त्याला कुलपापर्यंत पोचता येईना. कुलूप निघालं तेव्हा आग विझून गेली होती. कुणाला फार लागलं नाही. नशीब, दुसरं काय! पण मंडळी, रोज रोज नशिबाच्या भरवशावर शर्ट शिवायचे का?

हॉलमधला धूर जाईपर्यंत सगळे अंगणात थांबले. जाऊबाईंना एका खोक्यावर बसवलं. त्या दम घेत म्हणाल्या, “एका बाजूला ही, एका बाजूला ती. जीव वाचवायला दोघी, पण बोलायला एकही नाही!”

झालं, ठिणगी पडली. कॉलरताईचा इतक्या दिवसांचा कोंडमारा फुटला.

“हिनं माझी मतं फोडली नसती, तर आज ते दार उघडं असतं!”

“मी फोडली? तू फोडलीस!” बाहीताईच्या कोपराला खरचटून रक्त आलं होतं, तरी तिचा आवाज खणखणीत होता.

“तीन तिघाडा, काम बिघाडा,” खिसेभाऊ पुटपुटला.

“झालं तुमचं?” काजमावशी म्हणाल्या.

काजमावशी सगळ्यांत जुन्या. हातानं काज करणाऱ्या. त्या फार बोलत नसत, म्हणून बोलल्या की लोक ऐकत. अंगणाच्या कडेला विटांवर बसून त्यांनी पदरानं चष्मा पुसला.

“लग्नाआधी मी एका दोऱ्याच्या दुकानात होते. दुकानात लाल दोरा एकच होता आणि निळे तीन. आकाशी, निळा, आणि शाईसारखा गडद. एक दिवस मालक म्हणाला, जागा कमी पडतेय, एकच रंग ठेवायचा, जो सगळ्यांत जास्त खपतो तो. महिन्याची रिळं मोजली. लाल चाळीस. आणि निळे तीनही वीस-वीस. मालकानं लाल ठेवला, निळे तिन्ही काढून टाकले. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक येई, निळा विचारी, आणि परत जाई. शंभरातल्या साठांना निळा हवा होता, आणि दुकानात निळ्याचा धागा नाही! सांगा बघू, चूक कुणाची? आकाशीची? का शाईची?”



“मालकाची,” जाऊबाई हळूच म्हणाल्या. “त्याच्या मोजण्याची.”

“शाब्बास! निळ्या रंगात तीन छटा आहेत हा काही निळ्याचा गुन्हा नाही. आणि या दोघी एकसारखं बोलतात, हा यांचा गुन्हा नाही. आपण माणसाला एकच बटण दिलं. एका बटणात त्यानं सांगायचं तरी काय काय? मला कॉलरताई हवी, ती नसेल तर बाहीताई चालेल, पण दार बंद नको, एवढं सगळं एक बटण कसं बोलणार?”

कॉलरताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तीन आठवडे ती एकाच माणसाला शिव्या देत होती, आणि चूक त्या माणसाची नव्हतीच!

खिसेभाऊ म्हणाला, “मग पुढच्या वेळी आमच्यातल्या दोघांनी माघार घ्यायची. संपला विषय.”

“का घ्यायची?” मावशी ताडकन म्हणाल्या. “चांगलं काम करायला दोन माणसं पुढे आली, तर एकाला म्हणायचं तू घरी बस? आणि कोण बसणार, ते कोण ठरवणार? नळावर भांडून?”

दोघी खाली बघू लागल्या.

कटिंगमास्तरांनी घसा साफ केला. त्यांना हिशेबी उपाय सुचायचे. “गुण द्यायचे, मावशी. आवडीच्या क्रमानं. सगळ्यांत वरच्याला जास्त गुण, खालच्याला कमी. सगळ्यांचे गुण मिळवायचे.”

“म्हणजे जितकी माणसं आपल्या माणसाच्या खाली, तितके त्याला गुण जास्त. असंच ना? मग उद्या पॅकिंगदादा आपल्यासारखी आणखी तीन माणसं उभी करेल. त्याची माणसं त्या तिघांना त्याच्या खालोखाल लावतील, आणि बाकीच्यांना त्यांच्याही खाली. आयतेच गुण वाढले!”

“करीन की,” पॅकिंगदादा खालमानेनं म्हणाला. “माझा चुलत भाऊ आहेच मोकळा.” एवढ्या गंभीर वेळीही दोघंतिघं हसले.

“बघा! आधीच्या रीतीत सारखी माणसं एकमेकांना बुडवतात. या रीतीत सारखी माणसं एकमेकांना खांद्यावर घेऊन उंच करतात. दोन्हीकडे निकाल लागतो तो किती जण उभे राहिले त्यावर. लोकांना काय हवंय त्यावर नाही.”

मग मावशींनी कमरेच्या पिशवीतून चार बटणं आणि एक दोरा काढला. सगळे भोवती जमले.

“पिवळं म्हणजे कॉलरताई, हिरवं बाहीताई, निळं खिसेभाऊ, काळं पॅकिंगदादा. प्रत्येकानं चारही बटणं ओवायची. नको असलेला तळाला, हवा असलेला वर. माळ ज्या रंगाचं वरचं बटण, त्याच्या डब्यात. कुणाकडे निम्म्याहून जास्त माळा आल्या तर तो जिंकला. नाही आल्या, तर ज्याच्याकडे सगळ्यांत कमी माळा, त्याचं बटण कापायचं. पण माळ फेकायची नाही! त्याखालचं बटण ज्याचं, त्याच्या डब्यात ती जाईल. असं निम्म्याच्या वर कुणी जाईपर्यंत.”

“म्हणजे एकसारखी दहा माणसं उभी राहिली तरी,” बाहीताई सावकाश म्हणाली, “माळ शेवटी त्यांच्यातल्याच कुणाकडे तरी येईल.”

“लोकांनी तशी ओवली असेल तर येईल. नसेल तर नाही. लोकांच्या मनात असेल तेच होईल.”

पॅकिंगदादा उठला. “आणि माझं काय? मी रीतसर निवडून आलोय.”

“आलास. तुझी काही चूक नाही. पण सगळ्यांदेखत सांग, एकोणसाठ जणांना नको असताना ते कुलूप परत लावायला तुझा हात वळेल का?”

त्यानं हातातली चावी उलटसुलट केली. मग म्हणाला, “मी जिन्यावर होतो. वरून ओरडणं ऐकू येत होतं आणि चावी माझ्याजवळ. ते आवाज मी जन्मात विसरणार नाही.” त्यानं चावी काजमावशींच्या हातात ठेवली. “माझी जागा मी सोडतो. माळा करा. पण एक सांगतो. दार उघडं ठेवलंत आणि पुन्हा माझ्या पोरांचे डबे उघडले गेले, तर ते मला चालणार नाही. माळेतून मीच आलो, तर कुलूप परत लावीन. मग कुणी कुरकुर करायची नाही.”

“नाही करणार,” कॉलरताई म्हणाली. स्वतःच्याच आवाजाचं तिला नवल वाटलं.

चार दिवसांनी माळा ओवल्या गेल्या. कोपऱ्यात चादरीचा आडोसा, आत स्टुलावर बटणांच्या चार वाट्या. सगळे दोरे एकाच मापाचे, आणि वरची गाठ काजमावशी स्वतः मारणार, डोळे मिटून. “नाहीतर गाठीवरून माणूस ओळखाल. शिवणारी जात आहे आपली!”

कॉलरताई आडोशामागे गेली. तळाला काय, हे ठरलेलंच होतं. पण हात काळ्या बटणाकडे जायच्या ऐवजी हिरव्याकडे गेला. तिनं हिरवं बटण तळाला ओवलं! डोक्यात एकच गुणगुण, ‘मी नाही तर तीही नको.’ मग काळं त्यावर ठेवायला तिनं उचललं आणि थबकली. काळं हिरव्याच्या वर? म्हणजे बाहीताई येण्यापेक्षा कुलूप बरं? भिंतीला टेकलेला तो हात तिला आठवला, खरचटलेलं कोपर आठवलं. शरमेनं तिचे कान तापले. अगं, दार उघडायला निघालीस की मैत्रिणीला पाडायला?

बाहेरून मावशींनी हाक मारली, “झोपलीस काय गं आत?”

तिनं हिरवं बटण काढलं. तळाला काळं, त्यावर निळं, त्यावर हिरवं, सगळ्यांत वर आपलं पिवळं. बाहेर येऊन तिनं माळ मावशींच्या हातात दिली.

मोजणी सुरू झाली. पुन्हा कटिंगचं टेबल, पुन्हा चार डबे, पुन्हा मास्तरांचा खडा आवाज. “काळं, अडतीस! हिरवं, पंचवीस! पिवळं, तेवीस! निळं, दहा!” शहाण्णवच्या निम्म्याहून जास्त म्हणजे एकोणपन्नास हवेत, कुणाकडेच नाहीत.

निळं बटण गेलं. खिसेभाऊनं स्वतःच कात्री घेतली आणि म्हणाला, “कापा, कापा, खिसेकापू म्हणून तरी नाव होईल!” त्याच्या दहा माळांपैकी पाच हिरव्याकडे गेल्या, चार पिवळ्याकडे, एक काळ्याकडे. काळं एकोणचाळीस, हिरवं तीस, पिवळं सत्तावीस.

पिवळं सगळ्यांत कमी! कॉलरताई हरली होती. तिला वाटलं, आता आपल्याला रडू येणार. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. ती पुढे झाली, कात्री तिनं आपल्या हातात घेतली आणि पहिली माळ उचलली. गाठ कापली. पिवळं बटण टेबलावर टपकलं. खाली हिरवं. दुसरी माळ. हिरवं. तिसरी. हिरवं. चौथीत निळं होतं, तेही उतरवलं, तर खाली पुन्हा हिरवं! मध्येच काळं आलं, एकदा, दोनदा, तीनदा. ज्यांनी ओवलं त्यांचंही काही म्हणणं असेलच की. पण बाकी सगळी हिरवी. कापता कापता तिच्या लक्षात आलं, की यांतली एक माळ आपली आहे. कुठली ते तिला कळलं नाही, पण ती हिरव्या डब्यात गेली होती आणि मोजली जात होती. गेल्या वेळी तिचं बटण तिच्याबरोबरच हरलं होतं. या वेळी ती हरली, पण तिचं मत हरलं नाही!

“काळं, बेचाळीस! हिरवं, चोपन्न!”

हॉलमध्ये एकच गलका झाला. बाहीताई गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. टेबलावरच्या पिवळ्या बटणांतलं एक तिनं उचललं आणि मुठीत धरलं.

“तुझी चोवीस मतं शेवटी मला मिळाली की गं,” ती म्हणाली.

“पहिल्यांदा चोवीस होती. या वेळी सत्तावीस होती, त्यातली तीन काळ्याकडे गेली. नीट मोजत जा, प्रतिनिधी झालीयस!” कॉलरताई म्हणाली, आणि दोघी हसता हसता रडल्या. खिसेभाऊनं आकाशाकडे हात जोडले. “सुटलो रे बाबा पोस्टातून!”

बाहीताईनं पहिलं काम केलं ते पॅकिंगदादाला बोलवायचं. दोघांनी मिळून ठरवलं, दाराला बाहेरून मूठच ठेवायची नाही. आतून आडव्या दांड्यावर ढकललं की उघडेल, आणि उघडलं की हॉलभर ऐकू जाईल अशी घंटा वाजेल. चोर बाहेरून येणार नाही, आतून कुणी गुपचूप जाणार नाही.

“आणि डबे?” पॅकिंगदादानं विचारलं.

“चोरी झाली तरी डबे उघडायचे नाहीत, हे मालकीणबाईंकडून मी लिहून घेतलंय. बेचाळीस माळा तुझ्याही आहेत ना!”

वाचकहो, गोष्ट एका कारखान्याची, पण मोजणी आपल्या सगळ्यांची आहे. सोसायटीत, शाळेच्या पालकसभेत, गावात आणि गावापेक्षा मोठ्या निवडणुकीतही आपण एकमेकांवर खेकसतो, ‘तू उभा राहिलास म्हणून आपण हरलो!’ एकाच चांगल्या कामासाठी दोन माणसं उभी राहिली, हे दुर्दैव नव्हे, ते त्या समाजाचं भाग्य आहे. जी रीत या भाग्याची शिक्षा करते, ती रीत बदला. माणसांना खाली बसवू नका. आणि आपल्या मनातलं दुसरं, तिसरं बटण विचारणारं कुणी नसेल, तर ते विचारा म्हणून मागणी करा. निवडून कोण आलं एवढंच महत्त्वाचं नसतं. लोकांच्या मनात होतं ते मोजलं गेलं की नाही, हेही तितकंच महत्त्वाचं असतं.

नवा दांडा बसला त्या दिवशी पहिला मान जाऊबाईंना दिला. त्या स्टुलावरून उठल्या, काठी टेकत निघाल्या. कॉलरताई मनात मोजत होती. एक, दोन, तीन, चार. जाऊबाईंनी दांडा ढकलला, घंटा खणाणली आणि लोखंडी जिन्यावरची कबुतरं भर्रकन उडाली.